पदवीनंतरचे शिक्षक-प्रशिक्षण आणि हिंगोली परिसर : प्रवेशाच्या क्रमाचा इतिहास

१. विषयाची मर्यादा

शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात आयोग, अधिनियम, अभ्यासक्रम आणि संस्था यांची नोंद विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने प्रशिक्षणार्थी या व्यवस्थेच्या दारात येऊन उभा राहतो तो क्षण दुर्लक्षित राहिला. तो कोठून आला, कोणती भाषा घेऊन आला, येण्यापूर्वी त्याने वर्गात शिकविले होते की नाही, हे प्रश्न गौण मानले गेले. परंतु अध्यापनशास्त्राचे पहिले व्याख्यान ऐकणाऱ्याच्या मनात त्या शास्त्राला विचारण्यासारखा एखादा प्रश्न आधीपासून असतो की नसतो, यावर त्या व्याख्यानाची फलश्रुती अवलंबून असते. म्हणून प्रवेशाचा इतिहास हा प्रशिक्षणाच्या आशयाचाही इतिहास होय.

प्रस्तुत निबंधात ‘पदवीनंतरचे प्रशिक्षण’ म्हणजे कला, विज्ञान इत्यादी शाखांची पदवी घेतल्यावर माध्यमिक शिक्षक होण्यासाठी घ्यावयाचे प्रशिक्षण, पूर्वीचे बी.टी. व नंतरचे बी.एड., असा अर्थ अभिप्रेत आहे. विवेचनाचे क्षेत्र हिंगोली परिसर हे आहे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा भाग परभणी जिल्ह्यात होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या आजच्या पाच तालुक्यांचा प्रदेश सुमारे शंभर वर्षांच्या अवधीत तीन वेगवेगळ्या शैक्षणिक केंद्रांकडे तोंड करून उभा राहिला. त्यामुळे प्रवेशाच्या स्वरूपातील बदल येथे विशेष स्पष्टपणे दिसतात.

२. एका वर्षाची कल्पना

पदवीधराच्या प्रशिक्षणाची कल्पना आपल्याकडे प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणानंतर आली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या शाळांची गरज प्रतिपादन केली. तथापि १८८२ साली हंटर आयोगाने पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शिक्षकांसाठी असलेल्या संस्था म्हणून मद्रास आणि लाहोर येथील दोन संस्थांचाच निर्देश करण्याजोगा होता. या आयोगाने अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष अध्यापन यांची परीक्षा असावी अशी शिफारस केली. पदवीधरांना इतरांपेक्षा कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरावा, असेही त्याने सुचविले. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने ही मुदत एक वर्ष ठरविली, तिच्या अखेरीस विद्यापीठाची पदवी अथवा पदविका असावी असे सांगितले आणि प्रशिक्षण महाविद्यालयाला सरावासाठी शाळा जोडण्यावर भर दिला. मुंबई येथील माध्यमिक शिक्षकांचे शासकीय प्रशिक्षण महाविद्यालय १९०६ साली निघाले ते याच विचाराच्या छायेत.

या एका वर्षामागे एक गृहीतकृत्य होते. पदवीधराला विषय येतो, त्याला केवळ तो शिकविण्याची रीत द्यावयाची आहे, असे ते गृहीत होते. ते कितपत खरे होते हा वादाचा विषय आहे. परंतु एका वर्षाचा हा साचा महाराष्ट्रात २०१५ पर्यंत, म्हणजे एका शतकाहून अधिक काळ टिकला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढील विवेचनात दिसेल की, हा साचा स्थिर राहिला असता त्यात प्रवेश करणारा मनुष्य मात्र बदलत गेला.

३. पूर्णा जंक्शनवरून पूर्वेकडे

हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली ती १८८४ च्या सुमारास. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला. देशी भाषेतून सर्व शाखांचे विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता आणि त्या दृष्टीने त्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. परंतु हिंगोली-वसमतकडील मराठी भाषिक विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती देशी भाषा त्याच्या घरची नव्हती.

त्या काळात येथील पदवीधराच्या वाटचालीचे टप्पे पाहिले तर प्रवेशाची अडचण कोठे होती ते कळते. औरंगाबादचे शासकीय महाविद्यालय १९२३ साली इंटरमीजिएटपर्यंतच्या शिक्षणासाठी निघाले. पदवीसाठी हैदराबादला जाणे क्रमप्राप्त होते. पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाची सोयही हैदराबाद येथेच होती. म्हणजे प्रशिक्षणासाठी घर सोडणे हे या भागातील तरुणाचे बहुधा पहिले घर सोडणे नसे, तर दुसरे किंवा तिसरे असे. हिंगोलीपर्यंत मीटरगेज लोहमार्ग १९१२ साली आला. गाडी वसमतवरून पूर्णा जंक्शनला येई, आणि तेथे हैदराबाद–मनमाड मार्गावरील गाडी पकडावी लागे. पूर्वेकडची गाडी नांदेड, निजामाबाद या मार्गाने सिकंदराबादकडे जाई, तर पश्चिमेकडची परभणी, जालना, औरंगाबाद या मार्गाने मनमाडकडे. शिक्षक-प्रशिक्षणाची वाट स्वाभाविकपणे पूर्वेकडची होती.

ही अडचण केवळ संस्थानी राजवटीचा परिणाम होती असे समजणे एकांगी ठरेल. हिंगोलीच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागते, आणि ते इंग्रजी अमलाखाली होते. तेथील पदवीधर शिक्षकालाही बराच काळ मध्य प्रांतातील जबलपूरच्या स्पेन्स प्रशिक्षण महाविद्यालयाचाच मार्ग धरावा लागे. अंतराचे दुःख दोन्ही तीरांवर सारखे होते. भाषेचे दुःख मात्र दक्षिण तीरावर अधिक होते. येथील प्रशिक्षणार्थी शास्त्र शिके उर्दूतून, त्या शास्त्राचे मूळ ग्रंथ असत इंग्रजीत, आणि गावी परतल्यावर त्याच्यासमोर बसणारी मुले असत मराठी बोलणारी. शिकण्याची, वाचण्याची आणि मुलांच्या घरची भाषा अशा तीन भाषांमध्ये अध्यापनाच्या रीतीचा अनुवाद करण्याचे काम कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते. ते त्याने स्वतःच करावयाचे होते.

या परिस्थितीत मराठवाड्यातील मराठी शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी व राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांनी उचलला. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाई येथील योगेश्वरी नूतन विद्यालय या दोन्हींशी स्वामी रामानंद तीर्थ यांचा शिक्षक म्हणून निकटचा संबंध आला, आणि त्या शाळांतून पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते निघाले. अशा शाळांत शिक्षकाची पारख प्रमाणपत्रावर कमी आणि त्याच्या निष्ठेवर अधिक होत असे. शिक्षक आधी वर्गात उभा राही. प्रशिक्षण मिळालेच तर ते मागाहून मिळे. हा क्रम गरजेपोटी आलेला होता, परंतु त्याचे शैक्षणिक परिणाम दूरगामी झाले.

४. पश्चिमेकडे वळण : अनुभवी छात्राध्यापक

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि मराठवाड्यात माध्यमिक शाळा वेगाने वाढू लागल्या. १९५० साली औरंगाबाद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. हिंगोली परिसरातील विद्यार्थ्याला पदवी आता पूर्वीइतकी दुर्लभ राहिली नाही. १९५४ साली औरंगाबाद येथे शासकीय अध्यापक महाविद्यालय स्थापन झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. या चार-पाच वर्षांत पूर्णा जंक्शनवर उतरणाऱ्या हिंगोलीच्या पदवीधराची दिशा बदलली. तो आता पश्चिमेकडची गाडी धरू लागला. राज्यपुनर्रचनेसारख्या मोठ्या राजकीय घटनेचा एका सामान्य शिक्षकाच्या जीवनातील अर्थ याहून स्पष्टपणे क्वचितच सांगता येईल.

या कालखंडातील प्रवेशाचे वैशिष्ट्य असे की, प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांत आधीच नोकरीत असलेल्या, परंतु ‘अप्रशिक्षित’ शिक्षकांचा भरणा मोठा होता. शाळा झपाट्याने निघत होत्या आणि प्रशिक्षित पदवीधर त्या प्रमाणात मिळत नव्हते. म्हणून पदवीधराला आधी नेमावे आणि सवडीने प्रशिक्षणाला पाठवावे, अशी रीत पडली. प्रशिक्षित व अप्रशिक्षित यांच्या वेतनातील भेदामुळे या प्रवासाला आर्थिक प्रेरणाही होती. १९५२–५३ च्या मुदलियार आयोगाने ही वस्तुस्थिती ओळखली होती. प्रशिक्षण महाविद्यालयात शुल्क आकारू नये, विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळावे आणि सेवेतील शिक्षकांना प्रशिक्षणकाळात पूर्ण वेतन मिळावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. पदवीधरांचा अभ्यासक्रम तूर्त एक वर्षाचा ठेवून पुढे दोन वर्षांचा करावा, असेही त्याने सुचविले होते.

असा शिक्षक महाविद्यालयात पाऊल टाकी, तेव्हा त्याची अवस्था काहीशी अवघड होत असे. काल-परवापर्यंत ज्याला गावातील मुले ‘गुरुजी’ म्हणून हाक मारीत होती, तो आज हाती पाठ-टाचणाची वही घेऊन पद्धतीच्या प्राध्यापकांच्या सहीची वाट पाहत बसे. ‘छात्राध्यापक’ या संज्ञेतच ती कोंडी व्यक्त झालेली आहे. छात्र आणि अध्यापक या दोन्ही भूमिका त्याला एकाच वेळी पार पाडाव्या लागत. सत्राच्या प्रारंभी दोन शालेय विषयांच्या अध्यापन-पद्धतींची निवड होई. त्यानंतर प्राध्यापकांचे दिग्दर्शन-पाठ पाहावयाचे, सहाध्यायांच्या पाठांची निरीक्षणे लिहावयाची, आणि मग सराव-पाठांना आरंभ करावयाचा, असा क्रम असे. पाठाची मांडणी बहुधा हर्बार्टच्या पंचपदीप्रमाणे केली जाई. पूर्वज्ञान जागृत करणारी प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, सामान्यीकरण आणि उपयोजन या पायऱ्यांत पाठ बसविताना अनेक शिक्षकांना तो साचा कृत्रिम वाटे.

तथापि याच ठिकाणी अनुभवाचा उपयोग होत असे. ज्याने एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळल्या आहेत, ज्याने पेरणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा पाहिला आहे, त्याला पंचपदीची पहिली पायरी म्हणजे नुसता विधी वाटत नसे. मुलांना आधी काय ठाऊक आहे हे विचारल्यावाचून पुढे गेल्यास काय होते, ते त्याने भोगलेले असे. सिद्धांताविरुद्ध त्याची तक्रार असली तरी ती अनुभवातून निघालेली असे, आणि तिच्यातूनच खरे शिक्षण होण्याचा संभव असे. १९४८–४९ च्या राधाकृष्णन आयोगाने प्रशिक्षण महाविद्यालयांतील सिद्धांताचे वजन कमी करून शाळेतील प्रत्यक्ष कामाला अधिक वेळ व परीक्षेत अधिक महत्त्व द्यावे असे म्हटले होते. अनुभवी छात्राध्यापकाच्या रूपाने हे प्रत्यक्ष काम महाविद्यालयात आपोआप येऊन दाखल होत होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. या पद्धतीचे दोषही होते. तिच्यामुळे कित्येक मुलांची वर्षे अप्रशिक्षित शिक्षकांच्या हाताखाली गेली, आणि शिक्षकाच्या पहिल्या चुकांची किंमत त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांनी मोजली. हा क्रम आदर्श होता असे प्रतिपादन येथे करावयाचे नाही.

५. क्रमाचा उलटा फेरा

१९६४–६६ च्या कोठारी आयोगाने प्रशिक्षण संस्था विद्यापीठापासून, शाळेपासून आणि परस्परांपासून अलग पडल्या आहेत, असे निदान केले. हे अलगपण दूर करावे ही त्याची मुख्य मागणी होती. पुढील दोन-तीन दशकांत मात्र वेगळीच गोष्ट घडली. महाविद्यालये प्रशिक्षणार्थ्याच्या जवळ आली, आणि त्याच वेळी प्रशिक्षणार्थी शाळेपासून दूर गेला.

जवळ येण्याची प्रक्रिया उघड आहे. औरंगाबादनंतर अंबाजोगाई आणि परभणी येथेही शासकीय अध्यापक महाविद्यालये झाली. मागाहून खाजगी संस्था निघाल्या. नव्वदीच्या दशकापासून विनाअनुदानित महाविद्यालयांची संख्या महाराष्ट्रभर वाढली, आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यातही पदवीधराला जिल्ह्याबाहेर न जाता प्रशिक्षण घेणे शक्य झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर या परिसराचे विद्यापीठीय केंद्रही जवळ आले. ज्या प्रवासाला एकेकाळी पूर्णा जंक्शनवरून सिकंदराबादची गाडी धरावी लागे, तो आता एस.टी.च्या पासावर होऊ लागला. मुलींच्या दृष्टीने तर हा बदल क्रांतिकारक होता. मुलीला वसतिगृहात ठेवण्यास नकार देणारे घर तिला सकाळच्या बसने महाविद्यालयात पाठविण्यास तयार झाले.

दूर जाण्याची प्रक्रिया कायद्यातून आली. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी माध्यमिक शिक्षकाची अर्हता निश्चित केली. पदवी आणि प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी नेमणुकीपूर्वी असाव्यात, हे तत्त्व रूढ झाले. ते विद्यार्थ्यांच्या हिताचे होते यात संशय नाही. त्याचा अपरिहार्य परिणाम असा झाला की, अध्यापक महाविद्यालयाच्या दारात आता वर्गाचा कोणताही अनुभव नसलेला, नुकताच पदवीधर झालेला तरुण उभा राहिला.

या नव्या प्रवेशिताची गरज निराळी होती, आणि अभ्यासक्रमानेही तिची दखल घेतली. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नवशिक्या शिक्षकांसाठी विकसित झालेले सूक्ष्म अध्यापन सत्तरीच्या दशकात भारतात रुजले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि बडोद्याचे शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्र यांचा त्यात मोठा वाटा होता. एकेका कौशल्यावर सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, असे छत्तीस मिनिटांचे चक्र भारतीय प्रतिमानात ठरले. समोर विद्यार्थी म्हणून बहुधा सहाध्यायीच बसत. प्रश्न विचारणे, फलक-लेखन, चेतक-बदल, प्रबलन ही कौशल्ये अशा रीतीने सुटी करून शिकविली जाऊ लागली. ज्याने वर्ग कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी वर्गाचे हे लघुरूप उपकारक होते. परंतु सहाध्यायी विद्यार्थ्याचे सोंग घेतो तेव्हा तो चुकीचे उत्तर ठरवून देतो. खरा विद्यार्थी मात्र न ठरविता चुकतो, आणि त्या चुकीतच शिक्षकाचे काम सुरू होते.

६. दोन वर्षे आणि प्रतीक्षा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद १९७३ पासून सल्लागार स्वरूपात होती. १९९३ च्या अधिनियमाने तिला वैधानिक अधिकार मिळाले आणि १९९५ मध्ये ती त्या स्वरूपात कार्यरत झाली. तरीही संस्थांच्या संख्येपुढे गुणवत्तेचा प्रश्न राहिलाच. महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेसंबंधीच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि २०१२ साली त्या आयोगाचा अहवाल आला. त्यानंतरच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शालेय आंतरवासितेसाठी वीस आठवडे राखून ठेवले. १९५३ साली मुदलियार आयोगाने सुचविलेली दोन वर्षांची मुदत अशा प्रकारे २०१५ साली प्रत्यक्षात आली.

वीस आठवड्यांची आंतरवासिता म्हणजे गमावलेला अनुभव अभ्यासक्रमाच्या आत परत आणण्याचा प्रयत्न होय. त्याचे मूल्य निर्विवाद आहे. परंतु याच काळात प्रवेशाच्या अलीकडे आणि पलीकडे नवी दारे उभी राहिली. अलीकडे राज्यपातळीवरील सामायिक प्रवेश परीक्षा आली. पलीकडे २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, आणि २०१७ पासून अभियोग्यता चाचणी व ‘पवित्र’ प्रणालीद्वारे भरती आली. २०१२ पासून शिक्षकभरतीवर दीर्घकाळ निर्बंध राहिले. मुक्तिसंग्रामानंतरच्या पिढीला शाळा होती आणि प्रशिक्षण मिळवावयाचे होते. या पिढीला प्रशिक्षण मिळाले आणि शाळेची वाट पाहावी लागली. सोयाबीन, कापूस आणि हळद यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कोरडवाहू घरातील तरुणाच्या दृष्टीने दोन वर्षांचे शुल्क हा खर्चाचा लहान भाग ठरतो. मोठा भाग म्हणजे त्या दोन वर्षांची आणि त्यानंतरच्या प्रतीक्षेची मिळकत. पूर्वीचा छात्राध्यापक वेतन अथवा किमान परतण्याची जागा मागे ठेवून येत असे. आजचा छात्राध्यापक तसे काहीच मागे ठेवून येत नाही.

जुन्या क्रमाचा एक प्रवाह मात्र पूर्णपणे आटला नाही. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड.ची सोय केली. वर्ग न सोडता प्रशिक्षण घेण्याची ही वाट म्हणजे पन्नाशीच्या दशकातील व्यवस्थेचाच नवा अवतार होय.

७. उपसंहार

हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. त्याच परंपरेतील एक कथा प्रसिद्ध आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटीने प्रत्येकाची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. त्यानंतर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, आणि ही भेट औंढा नागनाथ येथे झाली असे सांगितले जाते. कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, या भूमीच्या स्मृतीत गुरूकडे जाणारा शिष्य कोरा नव्हता. तो आधीच भक्तीच्या व्यवहारात होता, त्या व्यवहारात आपण कोठे कमी पडतो हे त्याला लोकांसमोर कळले होते, आणि ती उणीव घेऊन तो गुरूच्या दारात उभा राहिला.

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा : हिंगोली परिसरात पदवीनंतरच्या प्रशिक्षणाचा उंबरठा तीन वेळा सरकला. प्रथम तो अंतराचा आणि भाषेचा होता. मध्यंतरी तो अनुभवाचा होता. आज तो काळाचा आणि प्रतीक्षेचा आहे. यांपैकी पहिला अडथळा दूर करण्यात समाजाला यश आले, आणि ते यश लहान नाही. परंतु महाविद्यालय गावाजवळ आणताना शाळा आणि प्रशिक्षणार्थी यांच्यातील जुने नाते सैल झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाचा मुख्य मार्ग सुचविला असून पदवीधरांसाठी दोन वर्षांची, आणि चार वर्षांची पदवी अथवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी एका वर्षाची वाटही ठेवली आहे. मुदत एक वर्षाची असावी की दोन, हा प्रश्न पुन्हा चर्चेत राहील. इतिहास सुचवितो तो प्रश्न याच्या आधीचा आहे : पहिल्या व्याख्यानाला बसणाऱ्या छात्राध्यापकाने त्यापूर्वी एखाद्या खऱ्या वर्गात, एखाद्या खऱ्या मुलासमोर, निरुत्तर होण्याचा अनुभव घेतलेला असावा की नसावा? या प्रश्नाचे उत्तर जो अभ्यासक्रम आपल्या आरंभीच देईल, त्याच्या मुदतीचा वाद बराचसा आपोआप मिटेल.